स्नो-पावडर, नेलपॉलिश आणि डबीवरचा पत्ता

कपाशीची वेचणी सुरू झाली आणि किलोवरची मजुरी हाती खुळखुळू लागली, की आपल्या आदिलाबाद जिल्ह्यातील आठवडी बाजारांत कटलरीच्या दुकानांपुढे मायबहिणींची झुंबड उडते. इंद्रवेल्ली घ्या, इच्चोडा घ्या, नाही तर बेला-जैनदकडची मंडळी जिथे हमखास जातात ते आदिलाबाद शहर घ्या, देखावा तोच. बांगड्या, टिकल्या, रिबिनी, आणि त्यांच्या शेजारी नेलपॉलिशच्या इवल्याशा बाटल्यांची रंगीबेरंगी रांग. नाताळ तोंडावर आलेला असतो, त्यामागून लग्नसराई येते, आणि पौष अमावस्येला केस्लापूरच्या नागोबाची जत्रा भरते तेव्हा तर अशा दुकानांचा एक बाजारच उभा राहतो. दहा-वीस रुपयांत बाटली मिळते, म्हणून एकीऐवजी तीन घेतल्या जातात आणि घरी आल्यावर बहिणी-बहिणी एकमेकींच्या नखांवर रंग लावून पाहतात.

घरातील वडील मंडळींना हे रुचत नाही. “मातीत हात घालायचे, त्या हातांना रंग कशाला?” हा प्रश्न ठरलेला. आमचे मत विचाराल तर, ज्या हातांनी दिवसभर बोंडाच्या वाळलेल्या टोकदार पाकळ्यांचे ओरखडे सोसले, त्यांना रविवारी थोडा रंग लागला तर बिघडले कोठे? दिवाळीत आपल्याकडचे गुस्साडी नर्तक अंगाला राख फासून मोरपिसांचा टोप चढवतात तेव्हा त्यांना कोणी नावे ठेवीत नाही. मग पोरींनाच का ठेवावीत? तेव्हा हौस योग्य की अयोग्य हा वाद बाजूला ठेवू. स्वस्त की महाग हाही खरा प्रश्न नाही. जे अंगाला लावायचे ते कोणी बनवले, कोठे बनवले, आणि ते अंगाला मानवते की नाही, एवढे मात्र पाहिलेच पाहिजे.

एक गंमत सांगतो. नेलपॉलिश नखावर जो चकचकीत पापुद्रा धरते, तो नायट्रोसेल्युलोज नावाच्या पदार्थाचा असतो, आणि हा पदार्थ कापसापासून होतो! जिनिंगमध्ये रुई निघून गेल्यावर सरकीला जी आखूड लव चिकटून राहते, ती खरवडून, स्वच्छ करून, नायट्रिक आणि गंधकाच्या आम्लात घालतात. (लाकडाच्या लगद्यापासूनही तो करता येतो.) म्हणजे आपल्या शेतातील पांढरे सोने कोठून कोठे जाऊन बोटांवर परत येते पाहा. १८४६ साली शोनबाइन नावाच्या रसायनतज्ज्ञाने कापसाला अशीच आम्लाची प्रक्रिया करून स्फोटक कापूस तयार केला होता. त्याच जातीचा, पण सौम्य केलेला पदार्थ पुढे सिनेमाच्या फिती आणि मोटारीचा रंग यांत वापरला गेला. नखांचा आजचा चमकता रंग हा त्या मोटारीच्या रंगाचाच भाऊबंद.

ही वंशावळ सांगण्याचे कारण असे की, तिच्यामुळे नेलपॉलिशचा स्वभाव कळतो. ती आग पकडते, आणि पटकन पकडते. हा पदार्थ ज्या पातळ द्रवात विरघळवलेला असतो तोही हवेत उडून जाणारा आणि ज्वालाग्राही असतो. म्हणून तर रंग लवकर वाळतो. तेव्हा चुलीजवळ, गॅसच्या शेगडीजवळ किंवा देवापुढच्या मेणबत्तीजवळ बसून नखे रंगवू नयेत, आणि रंग काढण्याचे रिमूव्हरही तेथे उघडू नये. त्या वासाने डोके चढते. काही बाटल्यांत टोल्युईन असते, ते अधिक त्रासदायक. खिडकी-दार उघडे ठेवावे किंवा ओसरीवर बसावे. गरोदर बाईने तर बंद खोलीत हे काम मुळीच करू नये. रिमूव्हर संपले म्हणून रंगाऱ्याच्या दुकानातील थिनर वापरणाऱ्याही काही जणी असतात. तो पत्र्याचा आणि दाराचा रंग पातळ करण्यासाठी असतो, कातडीसाठी नव्हे.

आता मानवते की नाही ते कसे पाहावे? नेलपॉलिशची अॅलर्जी मोठी फसवी असते. पुरळ नखाभोवती उठेल असे आपल्याला वाटते, पण पुष्कळदा खाज सुटते ती पापण्यांवर, गालावर आणि मानेवर, कारण दिवसभर ती बोटे तेथेच फिरत असतात. मग बाई डोळ्यांचे औषध घालीत बसते आणि कारण राहते बोटांवर! म्हणून नवी बाटली आणली तर आधी एक-दोनच नखे रंगवून चार-सहा दिवस वाट पाहावी. क्रीम, लिपस्टिक, पावडर यांची परीक्षा निराळी. कोपराच्या आतल्या बाजूस, रुपयाच्या नाण्याएवढ्या जागेवर रोज दोन वेळा, आठवडाभर लावावे. खाज, लाली, फोड काही उठले नाही तरच तोंडाला लावावे. लग्नाच्या आदल्या संध्याकाळी नवी वस्तू नवरीच्या चेहऱ्यावर प्रथमच लावणे म्हणजे, वाणाची ओळखदेख नसता सगळ्या रानात पेरा करण्यासारखे आहे. आणि एकाच लिपस्टिकने किंवा काजळाच्या कांडीने सगळ्या करवल्यांनी सजू नये. ओठांवरचे फोड आणि डोळ्यांची साथ अशाने घरभर फिरते.

नेलपॉलिशचा त्रास झालाच तर बहुधा कातडीपुरता राहतो. खरा धोका दुकानात दुसऱ्याच डबीत बसलेला आहे. तो म्हणजे ‘गोरे करणारी’ क्रीम.

उन्हात राबणारे अंग काळवंडणारच. कातडीने उन्हाविरुद्ध धरलेली ती छत्री आहे. परंतु मुलगी पाहायला येणाऱ्यांना हे कोण सांगणार? या एका दुबळेपणावर मोठमोठे धंदे उभे राहिले. १९१९ साली मुंबईत पाटणवाला यांनी ‘अफगाण स्नो’ काढले, आणि ‘स्नो-पावडर’ हा शब्द आपल्या बोलीत कायमचा आला. १९५२ साली टाटा ऑइल मिल्सने ‘लॅक्मे’ सुरू केली, ती परदेशी प्रसाधनांवर खर्च होणारे परकीय चलन वाचावे म्हणून. १९७५ साली ‘फेअर अँड लव्हली’ आली, आणि गोरेपणालाच नाव ठेवल्याची टीका झाल्यावर २०२० साली तिचे नाव बदलून ‘ग्लो अँड लव्हली’ करण्यात आले. या नावाजलेल्या वस्तूंवर निदान बनवणाऱ्याचे नाव-गाव असते. आम्ही बोलतो आहोत ते निनावी डब्यांविषयी. काही दिवसांत चेहरा उजळतो अशी त्यांची ख्याती असते, आणि दुर्दैवाने चेहरा कधी कधी उजळतोही, कारण त्यांत पारा असतो. पारा कातडीतील रंगद्रव्य तयार होऊ देत नाही. पण कातडीवाटे तो रक्तात जातो आणि मूत्रपिंडात साठतो.

पैनगंगेपलीकडे, आपल्या विदर्भातच घडलेले उदाहरण पाहा. अकोल्यातील एका तरुणीने स्थानिक ब्युटी पार्लरवालीकडून गोरे करणारे क्रीम घेतले. लेकीचा चेहरा उजळलेला पाहून आई आणि बहीण याही तेच लावू लागल्या. पुढे तिघींनाही मूत्रपिंडाचा विकार जडला. मुंबईच्या के.ई.एम. रुग्णालयातील तज्ज्ञांनी मूळ शोधीत नेले तेव्हा त्या क्रीममध्ये पारा सापडला. २०२३ साली हे प्रकरण वर्तमानपत्रांत आले. त्याच सुमारास केरळात मलप्पुरम जिल्ह्यातील कोट्टक्कल येथील डॉक्टरांनाही असेच दिसून आले. मूत्रपिंडाच्या एका विरळ विकाराचे १५ रुग्ण त्यांच्याकडे आले होते, आणि त्यांतील १३ जण गोरे करणारी क्रीम वापरीत होते. क्रीम बंद केल्यावर बहुतेकांची प्रकृती सुधारत गेली, ही त्यातली दिलाशाची बाब.

दुसरा प्रकार स्टेरॉइडच्या मलमांचा. खरूज-नायट्यासाठी आणलेली ट्यूब रात्री तोंडाला लावली की सुरुवातीला कांती तुकतुकीत होते. मग कातडी पातळ पडते, लाल शिरा दिसू लागतात, मुरुमे उठतात, आणि मलम सोडले की आग होते. २०१८ साली सरकारने अशी मलमे डॉक्टरांच्या चिठ्ठीशिवाय विकण्यास मनाई केली. परंतु मागितल्यावर काढून देणारे दुकानदार असतातच.

तेव्हा डबी हातात घेतल्यावर काय पाहावे? बियाण्याची पिशवी घेताना आपण लॉट नंबर, मुदत आणि कंपनी पाहतोच की नाही? तीच नजर येथे लावायची. बनवणाऱ्याचे नाव आणि पूर्ण पत्ता, परवाना क्रमांक, बॅच क्रमांक आणि ‘या तारखेपूर्वी वापरा’ हा महिना-वर्ष, एवढे हवेच. लहान बाटल्यांवर घटकांची पूर्ण यादी छापलेली असतेच असे नाही, त्यामुळे तेवढ्यावरून शंका घेऊ नये. पत्ता आणि परवानाच नसेल तर मात्र ती वस्तू परत ठेवावी. परदेशातून आलेल्या मालावर आयात करणाऱ्याचे नाव आणि नोंदणी क्रमांक असावा लागतो. घटकांत मर्क्युरी, मर्क्युरिक किंवा कॅलोमेल असा शब्द दिसला तर तो पारा. आपल्या २०२० च्या प्रसाधन नियमांनुसार क्रीममध्ये चुकून आलेला पारासुद्धा दहा लाख भागांत एका भागाहून अधिक चालत नाही.

टिकली आणि काजळ यांविषयी थोडक्यात. टिकलीच्या गोंदातील एका रसायनामुळे काही जणींच्या कपाळावर नेमका टिकलीच्या आकाराचा पांढरा डाग पडतो. तसे होऊ लागले की टिकली ताबडतोब बंद करावी. तो कोड आहे असे समजून घाबरून लपवीत बसू नये. सुरमा आणि खुल्या काजळात शिसे असू शकते. तान्ह्या मुलाच्या डोळ्यांत काजळ घालूच नये. दृष्टीसाठी तीट लावायची तर ती तळपायाला लावावी.

नखांचे रंग दवाखान्याच्या दृष्टीनेही आड येतात. अंगात रक्त कमी असले तर नखे पांढुरकी दिसतात, श्वास कोंडला तर निळसर होतात. नर्सबाई आणि डॉक्टर तेच आधी पाहतात. बोटाला चिमटा लावून प्राणवायू मोजतात, त्यालाही काळा-निळा गडद रंग कधी कधी फसवतो. म्हणून बाळंतपणाला, शस्त्रक्रियेला किंवा दम लागलेल्या बाईला नेताना बोटांचा रंग काढावा. चिखलपाण्यात राबून नखुरडे झाले असेल, नख जाड-पिवळे होऊन भुगा पडत असेल, तर त्यावर रंग चढवून ते झाकू नये; आधी उपचार, मग रंग. आणि रंगाचा थर म्हणजे हातमोजा नव्हे. फवारणीनंतर हात साबणाने धुवायचे ते धुवायचेच.

क्रीम लावणाऱ्या कोणाच्या पायांवर, पापण्यांखाली सूज दिसू लागली, लघवीला फेस येऊ लागला, तर क्रीम त्याच दिवशी बंद करावे आणि प्राथमिक आरोग्य केंद्रात किंवा आदिलाबादच्या रिम्समध्ये लघवी तपासून घ्यावी. जाताना ती डबी, अर्धी असो की रिकामी, पिशवीत घालून सोबत न्यावी आणि न लाजता डॉक्टरांपुढे ठेवावी.