परदेशी रस्ता ओलांडताना

कर्जत-खालापूरकडची मुले आता शिकायला जर्मनीला, अमेरिकेला जाऊ लागली आहेत. आईबापांना काळजी असते ती फीची, थंडीची आणि जेवणाची. रस्त्याची काळजी सहसा कोणी करीत नाही. आमच्या मते पहिली काळजी तीच करावी.

कारण साधे आहे. आपल्याकडे वाहने रस्त्याच्या डाव्या बाजूने चालतात. त्यामुळे रस्त्यात पाऊल टाकताना सर्वांत जवळचे वाहन उजवीकडून येते, आणि लहानपणापासून आपली मान आधी उजवीकडेच वळते. जर्मनीत किंवा अमेरिकेत वाहने उजव्या बाजूने चालतात. जवळचे वाहन डावीकडून येते. उजवीकडे पाहून रस्ता मोकळा समजणारा मुलगा नेमका न पाहिलेल्या बाजूच्या मोटारीपुढे जातो.

डॉ. बाबासाहेब आंबेडकर १९१३ साली न्यूयॉर्कला कोलंबिया विद्यापीठात गेले आणि १९१६ साली तेथून लंडनला. न्यूयॉर्कची वाहतूक उजवीकडून, लंडनची आपल्यासारखी डावीकडून. म्हणजे तीन वर्षांत दोनदा सवय बदलणे आले. स्वीडनने ३ सप्टेंबर १९६७ रोजी साऱ्या देशाची वाहतूक डावीकडून उजवीकडे नेली, तेव्हा आधी लोकशिक्षणाची मोठी मोहीम काढावी लागली.

सवय हातापायांत मुरलेली असते, हे खोपोलीच्या कामगाराला सांगावे लागत नाही. यंत्र बदलले तरी हात जुन्या दांड्याकडे जातो. पहिल्या दिवशी माणूस सावध असतो. घाई झाली, थकवा आला, की जुनी सवय वर येते. म्हणून पहिले काही महिने कडेला थांबून डावीकडे, उजवीकडे आणि पुन्हा डावीकडे पाहावे. पदपथावर सायकलींचा वेगळा पट्टा असेल तर त्यावरून चालू नये.

जुन्या मुंबई-पुणे रस्त्यावर आपण हात दाखवून वाहनांतून वाट काढतो. जर्मनीत हे चालत नाही. तेथे पट्टेरी वाटेवर वाहनाने पादचाऱ्यासाठी थांबायचे, आणि तांबडा दिवा असता पादचाऱ्याने थांबायचे, असा दोन्हीकडून बांधलेला नियम आहे.

थकव्याचा उल्लेख केला तो उगाच नाही. पुष्कळ मुले खर्चासाठी काम करतात. युरोपीय संघाबाहेरच्या विद्यार्थ्याला जर्मनीत २०२४ पासून वर्षाला १४० पूर्ण दिवस किंवा २८० अर्धे दिवस काम करता येते. २०१५ साली तेथे सर्वसाधारण किमान वेतनाचा कायदा लागू झाला. तो विद्यार्थ्याच्या अर्धवेळ नोकरीलाही लागतो. विद्यार्थी आहे म्हणून कोणी कमी मजुरी देऊ केली तर ती मुकाट्याने घेऊ नये. रस्त्याचा नियम पाळावा, तसा मजुरीचा नियम मालकाकडून पाळून घ्यावा.

आणि सुट्टीत मुलगा घरी आला, की कर्जत स्टेशनाबाहेर पडताना त्याला आठवण करून द्यावी: बाबा रे, इथे आधी उजवीकडे पाहा.