गावांवाचूनचा जिल्हा

जिल्हा म्हटला की जिल्हाधिकाऱ्यांच्या खाली तालुके, तालुक्यांत गावे आणि त्यांच्या विकासकामांसाठी जिल्हा परिषद व ग्रामपंचायती, अशी रचना गृहीत धरली जाते. मुंबई शहर जिल्ह्यात मात्र तालुका, जिल्हा परिषद व ग्रामपंचायत यांपैकी काहीच नाही. १ ऑक्टोबर १९९० रोजी बृहन्मुंबईचे दोन जिल्हे झाले, तेव्हा उपनगर जिल्ह्याला कुर्ला, अंधेरी व बोरिवली हे तालुके मिळाले आणि कुलाब्यापासून माहीम-शीवपर्यंतचे जुने बेट शहर जिल्हा म्हणून उरले.

शहर जिल्ह्यात कारभाराची विभागणी दोन यंत्रणांत झालेली आहे. जमिनीची नोंद व महसूल फोर्टातील जुन्या जकातघरात बसणाऱ्या जिल्हाधिकाऱ्यांच्या अखत्यारीत येतो. येथे सातबारा नसून मिळकत पत्रिका असते आणि तिच्यावर परळ-शिवडी, दादर-नायगाव, गिरगाव यांसारख्या महसूल विभागाचे नाव व सी. एस. क्रमांक, म्हणजे भूमापन क्रमांक, नोंदलेला असतो. कर्नल लॉटन यांनी १८६५ ते १८७२ या काळात केलेली मोजणी या भूमापनाच्या इतिहासातील महत्त्वाचा टप्पा होय. याउलट पाणी, गटारे, कचरा व रस्ते ही कामे १८८८ च्या अधिनियमानुसार चालणाऱ्या महापालिकेकडे असून, ‘ए’ ते ‘जी उत्तर’ अशा नऊ वॉर्डांपैकी प्रत्येकाचा कारभार सहायक आयुक्त पाहतात.

महसूल विभाग आणि वॉर्ड यांच्या सीमा स्वतंत्रपणे आखलेल्या आहेत. लालबाग-परळ ‘एफ दक्षिण’मध्ये मोडते, तर रुळांपलीकडचे लोअर परळ ‘जी दक्षिण’मध्ये जाते, दादरचेही तसेच असून पश्चिमेकडचा भाग ‘जी उत्तर’कडे आणि पूर्वेची हिंदू कॉलनी ‘एफ उत्तर’कडे आहे.

भूगोल मात्र या सीमा जुमानत नाही. सात बेटांमधील खाड्या व दलदली भरून हे शहर घडले असल्यामुळे मलबार टेकडी आणि शिवडी-माझगावचे उंचवटे यांच्यामधला पुष्कळसा भाग सखल राहिला. परळचा हिंदमाता परिसर बशीसारखा खोलगट असल्याने जोरदार पाऊस आणि भरती एकाच वेळी आली की पाणी तेथेच साचते. त्यासाठी महापालिकेने भूमिगत टाक्या बांधल्या, त्यांपैकी एक परळच्या सेंट झेवियर्स मैदानाखाली, तर दुसरी दादर पश्चिमेच्या प्रमोद महाजन कलापार्कात, म्हणजे दुसऱ्याच वॉर्डात आहे.

२००१ मध्ये ३३,३८,०३१ असलेली जिल्ह्याची लोकसंख्या २०११ मध्ये ३०,८५,४११ वर आली. तरीही गिरण्यांच्या जागी मनोरे उभे राहत असल्यामुळे जमिनीची नोंद करणारी यंत्रणा आणि त्याच जमिनीवरील पाण्याचा निचरा पाहणारी यंत्रणा यांच्यातील समन्वयाची गरज पूर्वीपेक्षा वाढली आहे.