ससा, खुराडं आणि बीळ

माळावरून चालताना अगदी पायाशी आल्यावर उसळतो आणि वाकडातिकडा पळत दिसेनासा होतो, तो ससा. शाळकरी पोराच्या वाढदिवसाला खोक्यातून घरी येतो, पांढराशुभ्र आणि लाल डोळ्यांचा, तोही ससाच. मराठीने दोघांना एकच नाव दिलं. प्राणिशास्त्राच्या हिशोबात मात्र ते इतके वेगळे आहेत की त्यांची जोडी लावली तरी पिल्लं होत नाहीत.

माळावरचा रानससा मूळचा इथलाच. तो बीळ खणत नाही. गवतात अंगाच्या मापाचा खळगा करून दिवसभर दबून बसतो आणि त्याची पिल्लं जन्मतःच डोळे उघडे, अंगावर केस अशी तयार असतात. १९७२च्या वन्यजीव संरक्षण कायद्याने त्याला संरक्षण दिलेलं आहे, त्यामुळे शेतात सापडलेलं त्याचं पिल्लू हौसेनं घरी आणून पाळणं बेकायदा ठरतं. दुकानातल्या सशाचे पूर्वज मात्र स्पेन-पोर्तुगालकडचे. ते जमिनीखाली बोगद्यांचं जाळं करून टोळीने राहतात. त्यांची पिल्लं उघडीनागडी आणि डोळे मिटलेली जन्मतात, कारण सांभाळायला अंधारं, ऊबदार बीळ असतं. अंगणात, गच्चीवर किंवा परसात सशासाठी घर करायचं तर डोळ्यांपुढे हे बीळ हवं. लोकांच्या डोळ्यांपुढे असतं ते कोंबड्यांचं खुराडं.

‘रानात राहणारं जनावर, त्याला उन्हाचं काय?’ हा या गोंधळातून आलेला सगळ्यात महागात पडणारा समज. पाळीव सशाला साधारण १५ ते २० अंश सेल्सिअस तापमान मानवतं. पारा तिशीच्या आसपास गेला की त्याला त्रास सुरू होतो. त्याला माणसासारखा घाम येत नाही, कुत्र्यासारखं धापा टाकून अंग थंड करणंही नीट जमत नाही. उष्णता बाहेर टाकायचं त्याचं मुख्य साधन म्हणजे कान. त्या पातळ कानांतून भरपूर रक्त खेळतं आणि हवा रक्तापेक्षा थंड असेल तर ते निवतं. सशाच्या अंगाचं तापमान ३९ अंशांच्या आसपास असतं. नागपूर-चंद्रपूरकडे मे महिन्यात पारा ४५ला टेकतो, तेव्हा हे कान गारवा देण्याऐवजी उष्णता आत घेऊ लागतात. पंखा लावून दिला तरी अंगावर घामच नसल्यामुळे माणसाला वाऱ्याने जो गारवा मिळतो तसा त्याला मिळत नाही.

भारतात सशांवर संशोधन करणाऱ्या सरकारी केंद्रांचे पत्ते या बाबतीत बोलके आहेत. राजस्थानातल्या अविकानगरच्या केंद्रीय मेंढी व लोकर संशोधन संस्थेची सशांवर काम करणारी दोन केंद्रं कुठे आहेत? एक हिमाचलच्या कुल्लू जिल्ह्यात गरसा इथे, दुसरं तमिळनाडूत कोडाईकनालच्या डोंगरांत मन्नवनूरला. दोन्ही जागा थंड हवेच्या.

म्हणजे महाराष्ट्रात ससा बाहेर ठेवूच नये, असं नाही. पण घराची जागा निवडताना उन्हाचा दिवसभराचा प्रवास पाहावा लागतो. सकाळी सावलीत असलेला कोपरा दुपारी तीनला तव्यासारखा तापलेला असू शकतो. पश्चिमेची भिंत टाळावी. डोक्यावर नुसता पत्रा असेल तर आतली हवा भट्टीसारखी होते. त्यावर गवताचा, उसाच्या पाचटाचा किंवा नारळाच्या झावळ्यांचा जाड थर टाकला आणि पत्रा व थर यांत वितभर हवा खेळती ठेवली, की फरक हाताला कळतो. आत बसायला शहाबादी फरशीचा तुकडा ठेवला तर ससा स्वतःहून त्यावर पोट टेकून पसरतो. आडवा ठेवलेला मोठा माठ किंवा फुटका रांजण हे तर आयतं बीळच. कापडात गुंडाळलेली बर्फाची बाटलीही उपयोगी पडते. विदर्भ-मराठवाड्याच्या कोरड्या उन्हाळ्यात वाळ्याचा ओला पडदा काम करतो; कोकणात हवेतच इतका दमटपणा असतो की तो ओला पडदा नुसता कुबटपणा वाढवतो. आणि स्पष्टच सांगायचं तर चाळिशी पार केलेल्या दुपारी बाहेरचं कुठलंही घर पुरेसं नसतं. तेवढे तास सशाला घरात आणावंच लागतं. त्याला गार पाण्याने आंघोळ घालणं हा मात्र उपाय नव्हे. दाट लोकर लवकर वाळत नाही आणि पाण्यात धरल्याच्या धक्क्यानेच ससा हबकतो.

थंडीबद्दलची समजूत नेमकी उलटी. निफाडला पारा पाच-सहा अंशांवर घसरला की सशाच्या पिंजऱ्यात बल्ब सोडणारे हौशी लोक असतात. जागा कोरडी असेल, वाऱ्याचा झोत थेट लागत नसेल आणि बुडाशी भरपूर पेंढा असेल तर प्रौढ ससा एवढी थंडी सहज सोसतो. बल्बची वायर मात्र तो कुरतडतो. त्याचे पुढचे दात आठवड्याला दोन-तीन मिलिमीटर वाढत राहतात आणि ते झिजवायला त्याला सतत काहीतरी चावावं लागतं.

आता पिंजरा. दुकानात सशाबरोबर जो दोन-अडीच फुटांचा तारेचा पिंजरा गळ्यात मारला जातो, त्याची रचना पाळीव प्राण्यासाठी झालेलीच नाही. लाकडी खोक्यात किंवा पिंजऱ्यात ससे ठेवायची पद्धत युरोपात मांसासाठी रुजली. व्हिक्टोरियन काळातल्या ब्रिटनमध्ये गरिबांच्या परसात अशी खोकी असत. काही आठवडे पोसायचं आणि कापायचं, एवढ्याच मुदतीचा तो मुक्काम. पाळीव ससा आठ-दहा वर्षं जगू शकतो. तेवढी वर्षं त्याने त्या मुक्कामात काढायची, ही अपेक्षाच चुकीची. याच ब्रिटनमध्ये ‘रॅबिट वेल्फेअर असोसिएशन अँड फंड’ ही संस्था नुसता खोका पुरेसा नाही म्हणून मोहीम चालवते आणि सशांच्या जोडीला किमान तीन मीटर लांब, दोन मीटर रुंद आणि एक मीटर उंच जागा असावी, असं सांगते. म्हणजे साधारण दहा फूट बाय साडेसहा फूट. मुंबईच्या चाळीतल्या दहा बाय बाराच्या खोलीचा अर्धा भाग!

आकडा ऐकून डोळे विस्फारतात, पण त्यामागचं गणित साधं आहे. सशाला सलग दोन-तीन उड्या मारता आल्या पाहिजेत, मागच्या पायांवर ताठ उभं राहून आजूबाजूला पाहता आलं पाहिजे आणि पूर्ण पसरून झोपता आलं पाहिजे. हालचाल नसेल तर हाडं ठिसूळ होतात, वजन वाढतं, आतड्यांचं काम मंदावतं. भारतातही १९६०च्या प्राणी क्रूरता प्रतिबंधक कायद्याच्या कलम ११नुसार, प्राण्याला वाजवी हालचाल करता येणार नाही इतक्या अपुऱ्या लांबी-रुंदी-उंचीच्या पिंजऱ्यात ठेवणं हा गुन्हा आहे.

‘दिवसा सोडतो की तासभर अंगणात,’ असं सांगणाऱ्यांनी घड्याळ पाहावं. ससा पहाटे आणि तिन्हीसांजेला सर्वांत चपळ असतो. दुपारी, जेव्हा त्याला बाहेर काढलं जातं, तेव्हा त्याला झोपायचं असतं. म्हणून खोपटं आणि मोकळी जागा कायमची जोडलेली हवी. कधी आत, कधी बाहेर, हे सशाला ठरवू द्यावं. शेजारचं अंगण वापरायचं असेल तर तिथे कण्हेर, रुई, घाणेरी यांसारखी विषारी झाडं नाहीत ना, तेही आधी बघून घ्यावं.

तारेच्या तळाचं समर्थन नेहमी एकाच वाक्यात होतं: ‘घाण खाली पडते, स्वच्छ राहतं.’ मालकाच्या सोयीचं आहे, यात वाद नाही. पण कुत्र्या-मांजराच्या पंजाला असते तशी जाड गादी सशाच्या तळव्याला नसते. फक्त केस असतात. तारेवर बसून बसून मागच्या पायांचे केस झिजतात, कातडी लाल होते, मग जखम होते आणि ती चिघळली की संसर्ग हाडापर्यंत पोचतो. लाकडी फळी किंवा फरशीवर भाताचा पेंढा किंवा सुकं गवत जाड अंथरलं की हा प्रश्न मिटतो. राहिली स्वच्छता, तर त्यात ससा बऱ्याच जनावरांपेक्षा शहाणा. तो लघवीला बहुधा एकच कोपरा धरतो. त्या कोपऱ्यात कागद आणि गवत घातलेलं उथळ घमेलं ठेवून रोज रिकामं केलं की अर्धं काम झालं. नाही केलं, तर मुतारीचा जो उग्र दर्प येतो तो अमोनियाचा, आणि सशाच्या नाका-फुप्फुसांना तो त्रासदायक असतो. चारी बाजूंनी बंद, ‘सुरक्षित’ पेटीत हा वायू कोंडून राहतो. एक बाजू तरी पूर्ण जाळीची हवीच.

जाळी म्हटली की षटकोनी भोकांची, कोंबड्यांना वापरतात ती. ही जाळी कोंबडीला आत ठेवते. बाहेरच्याला बाहेर ठेवण्याची तिची ताकद नाही. भटकं कुत्रं ती दातांनी फाडतं आणि आतून ससाही कुरतडून वाट काढतो. अर्ध्या इंची चौकोनांची, जाड तारेची वेल्डमेश जाळी घ्यावी. भोक मोठं असेल तर उंदीर शिरतो, पिल्लं पळवतो. त्याच्या मागोमाग धामणही येऊ शकते. मुंगूस भर दिवसा येतो, बोका रात्री. उदमांजर कौलांवरून उतरतं, म्हणून वरची बाजूही जाळीने बंद हवी. घूस जमिनीखालून पोखरत येते आणि ससा जमिनीखालून पोखरत बाहेर जातो, त्यामुळे तळ हा दोन्हीकडून कच्चा दुवा. एक तर कोबा करावा, नाहीतर जाळी दीड-दोन फूट खाली पुरावी. ऑस्ट्रेलियाला हे शहाणपण फार मोठ्या किमतीला मिळालं. १८५९ मध्ये थॉमस ऑस्टिन नावाच्या जमीनदाराने व्हिक्टोरिया प्रांतात शिकारीसाठी मूठभर ससे सोडले आणि पुढे त्यांच्या वंशजांना अडवायला पश्चिम ऑस्ट्रेलियात १९०१ ते १९०७ या काळात अठराशे किलोमीटरहून लांब कुंपण घालावं लागलं. कोबा केला तर सशाच्या खणण्याच्या हौसेसाठी मातीने भरलेलं एक मोठं घमेलं आत ठेवावं.

आणि जाळी शाबूत राहिली म्हणजे ससा वाचला, असंही नाही. सशाचे मागच्या पायांचे स्नायू दणकट, सांगाडा मात्र हलका. रात्री कुत्र्यांची टोळी पिंजऱ्याभोवती फिरू लागली की घाबरलेला ससा इतक्या जोराने लाथ झाडतो की त्याचा स्वतःचाच मणका मोडू शकतो. बाहेरून एक ओरखडाही नसतो. दिवाळीत अंगणात लवंगी माळ लागते तेव्हाही हीच भीती. त्याला पळून जायला बीळ हवं: आडोशाची, अंधारी, दोन दारं असलेली पेटी. एकाच दाराची पेटी सशाला निवारा वाटत नाही, कोंडी वाटते, कारण दारात शत्रू उभा राहिला की दुसरी वाट उरत नाही.

एकट्या सशाला सोबत म्हणून गिनीपिग ठेवायची टूम आहे. सशाची एक लाथ गिनीपिगला जायबंदी करायला पुरते, आणि सशाच्या श्वसनमार्गात निमूटपणे राहणारे काही जंतू गिनीपिगला आजारी पाडतात. कोंबड्यांबरोबर एकाच खुराड्यात ठेवलं तर वर बसलेल्या कोंबड्यांची विष्ठा थेट सशाच्या चाऱ्यावर. सशाला सोबत सशाचीच हवी. नर-मादीची जोडी, आणि तीही शस्त्रक्रिया करून घेतलेली. ‘दोन्ही माद्याच आहेत’ या दुकानदाराच्या शब्दावर विसंबणाऱ्यांना महिन्याभरात उत्तर मिळतं. सशाची मादी साधारण ३१ दिवसांत विते आणि त्यानंतर लगेच पुन्हा गाभण राहू शकते. नराची शस्त्रक्रिया झाल्यावरही काही आठवडे तो पिल्लं जन्माला घालू शकतो, म्हणून घराला मध्ये काढता-घालता येणारी जाळी असणं फायद्याचं.

पावसाळ्याचं संकट वेगळंच. घर जमिनीपासून हात-दीड हात उंच हवं, पावसाची झड येते त्या बाजूला पडदा हवा, हे कोकणातल्या माणसाला सांगावं लागत नाही. पण खरा शत्रू माशी. ओल्या पेंढ्यात बसून सशाचं बूड भिजलं, लेंड्या चिकटल्या, की हिरव्या निळसर माश्या तिथे अंडी घालतात. दिवसभरातच अळ्या बाहेर पडतात आणि जिवंत कातडी खाऊ लागतात. गुरांच्या जखमेत किडे पडतात हे शेतकऱ्याला ठाऊक असतं. सशाला त्यासाठी आधी जखमही व्हावी लागत नाही. पावसाळ्यात रोज दोनदा शेपटीखाली बघणं, ओला पेंढा त्याच दिवशी बदलणं आणि जाळीवर मच्छरदाणीचं कापड लावणं, एवढं तरी करावंच लागतं.

म्हणूनच हे घर परसाच्या टोकाला, नजरेआड बांधू नये. स्वयंपाकघराच्या खिडकीतून दिसेल अशी जागा बरी. शिकार होणारं जनावर आजार लपवतं, ससा तर कण्हतही नाही. संध्याकाळी टाकलेलं गवत सकाळी जसंच्या तसं दिसलं आणि घमेल्यात रात्रीच्या लेंड्या नसल्या, तर त्याची आतडी थांबली आहेत असं धरून त्याच दिवशी, शक्यतो त्याच सकाळी, त्याला डॉक्टरकडे न्यावं लागतं.