रक्ती आव हटत नाही तेव्हा

समजा, मोर्शीकडचे आपले एक शेतकरी भाऊ आहेत. झाडावर संत्र्याचा बहार आहे. अशात त्यांना शौचावाटे रक्त पडू लागले. घरचे म्हणतात, "उष्णता झाली असन. ताक प्या, बरं वाटन." आवेच्या गोळ्या झाल्या. महिना गेला, तरी रक्त थांबत नाही.

आव जंतूंमुळे होते. ती औषधाने बहुधा लवकर हटते. महिनाभर हटत नसेल, तर मोठ्या आतड्याला आतून व्रण पडलेले असू शकतात. डॉक्टर या रोगाला अल्सरेटिव्ह कोलायटिस म्हणतात. रोगजंतूंशी लढणारी आपल्या अंगातली फौज आपल्याच आतड्यावर उलटते. कुंपणानेच शेत खावे, तसे. हा रोग एकाचा दुसऱ्याला लागत नाही. आतड्यात दुर्बीण घालून तपासल्याशिवाय तो नक्की कळत नाही, कारण आतड्याचा क्षयही कधी असाच दिसतो.

दिवसातून सहा किंवा जास्त वेळा रक्ताचे जुलाब, वर ताप, नाडी ९० च्या पुढे. असे झाले तर घरी राहू नये. अमरावती किंवा नागपूरचा मोठा दवाखाना गाठावा.

तिथे आधी शिरेतून स्टिरॉइड देतात. या जातीच्या औषधाने जीव वाचतात, हे १९५५ साली इंग्लंडात ट्रूलव्ह आणि विट्स या डॉक्टरांनी दाखवले. पण आजही तिघांपैकी सुमारे एकाला त्याचा गुण येत नाही. मग काय करावे?

तिसऱ्या दिवशी डॉक्टर हिशेब करतात. जुलाब किती? रक्ताच्या तपासणीत सूज उतरली का? नसेल, तर नुसती वाट पाहत नाहीत. नातेवाईक मात्र म्हणतात, "अजून आठ दिवस पाहू ना, डॉक्टरसाहेब." आम्हांला ही घाई न करण्याची सवय फार घातक वाटते. सुजलेले आतडे फुगते, फुटते. मग जीव वाचवणे कठीण होते.

या वेळी कामी येणारी मुख्य औषधे दोन. सायक्लोस्पोरिन हे मूत्रपिंड बदललेल्या रोग्यांना देतात तेच औषध. ते स्वस्त पडते. पण रक्तातले त्याचे प्रमाण, मूत्रपिंड आणि रक्तदाब सारखे तपासावे लागतात. दुसरे इन्फ्लिक्सिमॅब. ते सलाइनमधून देतात. गुण आला, तर दोन आणि सहा आठवड्यांनी पुन्हा देतात. ते महाग आहे. शिवाय अंगात दबून राहिलेला क्षय त्याने जागा होतो. म्हणून आधी छातीचा फोटो काढतात. घरात कोणाला क्षय झाला असेल, तर लाज न धरता डॉक्टरांना सांगावे. लपवलेला क्षय इथे रोग्याच्याच जिवावर उठतो.

दोन्हींत चांगले कोणते? २०१२ साली युरोपातल्या ११५ रोग्यांवर तुलना झाली. दोन्ही सारखीच उतरली. तेव्हा रोग्याची प्रकृती, घरची ऐपत आणि डॉक्टरांचा अनुभव पाहून एक निवडतात.

त्यानेही आठवड्याभरात उतार पडला नाही, तर मोठे आतडे काढून टाकतात. शस्त्रक्रियेचे डॉक्टर म्हणूनच पहिल्या दिवसांपासून रोग्याला पाहून जातात. त्यांना पाहून घाबरू नये. आतडे काढल्यावर पोटावर पिशवी लावतात. पुष्कळांची ती पुढे दुसऱ्या शस्त्रक्रियेने निघते. नाही निघाली, तरी जखम भरल्यावर ती सांभाळून माणूस बगीच्यात जातो, कामे करतो.