कॅल्शियम, प्रेरक प्रथिने आणि रक्तदाबाचा रुग्ण

शरीरातील सर्व चेष्टांचे कर्तृत्व आपल्या शास्त्राने व्यानवायूकडे दिले आहे. ही गती पेशीच्या पातळीवर कशी घडते, याचे आधुनिक विवेचन वैद्यांनी जाणून घेणे व्यवहारातही उपयुक्त आहे.

मायोसिन, कायनेसिन व डायनीन ही प्रेरक प्रथिने एटीपीची ऊर्जा वापरून पेशीतील तंतूंवरून व सूक्ष्मनलिकांवरून अक्षरशः पावले टाकतात. मुंबईच्या टाटा मूलभूत संशोधन संस्थेत प्रा. रूप मल्लिक यांनी प्रकाशाच्या चिमट्याने त्यांची ओढ मोजली. या क्षेत्रातील कार्यासाठी त्यांना २०१८ चे इन्फोसिस पारितोषिक लाभले.

यांपैकी मायोसिनचा लगाम प्रामुख्याने कॅल्शियमच्या हाती असतो. विश्रांत पेशीत मुक्त कॅल्शियम बाहेरच्यापेक्षा सुमारे १०,००० पटींनी कमी असते. इशारा मिळताच ते वाढते आणि कॅल्शियम धरणारी प्रथिने आपला आकार बदलतात. हाडांशी जोडलेल्या स्नायूंत व हृदयात ट्रोपोनिन हे प्रथिन मायोसिनची वाट मोकळी करते. रक्तवाहिन्यांच्या भित्तीत कॅल्मोड्युलिन चार कॅल्शियम आयन धरून एका विकराला जागे करते. तो विकर मायोसिनला फॉस्फेट जोडतो व वाहिनी आकुंचन पावते. याउलट कायनेसिनच्या आधारे चालणारी मायटोकाँड्रिया मात्र कॅल्शियम वाढताच थांबतात, कारण त्यांना जोडणारे मायरो हे प्रथिनही कॅल्शियम ओळखते. एकच द्रव्य एके ठिकाणी प्रवर्तक, तर दुसरीकडे अवरोधक ठरते.

कन्नडसारख्या तालुक्याच्या गावी अम्लोडिपिन घेणारे अनेक रुग्ण आपल्याकडे येतात. ‘ही गोळी कॅल्शियम अडवते, मग दूध, नाचणी बंद करू का? की गोळीच सोडू?’ असे ते विचारतात. ही गोळी वाहिनीच्या स्नायुपेशीचे कॅल्शियमद्वार रोधते, अन्नातील कॅल्शियम नव्हे. म्हणून एवढ्या कारणासाठी आहार तोडू नये आणि गोळी परस्पर थांबवू नये. याच गोळीने घोट्यांवर सूज येऊ शकते; शोथाची चिकित्सा आरंभण्यापूर्वी चालू औषधांची चौकशी अवश्य करावी. सूज याच गोळीची वाटल्यास मूळ चिकित्सकाशी बोलावे.

कॅल्शियम म्हणजेच व्यान, असे समीकरण मांडण्याचा मोह मात्र टाळावा. व्यान ही कार्यावरून अनुमानिलेली संकल्पना आहे, तर कॅल्शियम मोजता येणारे द्रव्य आहे. दोहोंचा आदर राखून रुग्णाचे हित साधणे, हेच आपले कर्तव्य होय.