इंग्रजीच्या तासाला अमेरिकन साहित्य

स्मरणिकेच्या संपादक मंडळाने अकरावी-बारावीच्या इंग्रजी वर्गाविषयी लेख मागितला, तेव्हा पालक मेळाव्यात दरवर्षी विचारला जाणारा एक प्रश्न आम्हांला आठवला. जळकोटच्या आसपासच्या वाड्या-तांड्यांवरून आलेल्या लेकरांना अमेरिकेतल्या कथा-कादंबऱ्या कशासाठी वाचायला लावता? अर्ज लिहिता आला, मुलाखत देता आली, म्हणजे झाले की! प्रश्न गैर नाही. स्वतः ऊसतोडीला जाऊन लेकराला वसतिगृहात ठेवणाऱ्या आईबापांना त्याच्या प्रत्येक तासाचा हिशेब मागण्याचा अधिकार आहे. तो हिशेब येथे मांडत आहोत.

आम्ही मूळचे इतिहासाचे शिक्षक. तरीही या तासाला इंग्रजीच्या सहकाऱ्यांसोबत आम्ही वर्गात असतो, कारण हे साहित्य इतिहासावाचून उलगडत नाही; आणि आमचा इतिहासही या साहित्यावाचून पुरता उलगडत नाही, असे आम्हांला अनुभवाने वाटू लागले आहे.

अमेरिकेशी आपले नाते कालपरवाचे नव्हे. अमेरिकेत राज्यघटनेच्या तेराव्या दुरुस्तीने 1865 मध्ये गुलामगिरी रद्द झाली आणि त्यानंतर आठ वर्षांनी, 1873 मध्ये, महात्मा जोतीराव फुले यांनी आपला ‘गुलामगिरी’ हा ग्रंथ गुलामांच्या मुक्तीसाठी झटणाऱ्या तेथील सज्जनांना अर्पण केला. बाबासाहेब 1913 मध्ये न्यूयॉर्कच्या कोलंबिया विद्यापीठात दाखल झाले. पुढे 1946 मध्ये त्यांनी कृष्णवर्णीय विचारवंत डब्ल्यू. ई. बी. ड्यू बॉइस यांना पत्र लिहिले. कृष्णवर्णीयांचे गाऱ्हाणे संयुक्त राष्ट्रसंघापुढे मांडणाऱ्या निवेदनाच्या प्रती त्यांना हव्या होत्या. ड्यू बॉइस यांनी त्याच वर्षी जुलैअखेरीस सहानुभूतीचे उत्तर धाडले. हा पत्रव्यवहार मोजक्या ओळींचा आहे. पण आमच्या अभ्यासक्रमाची सुरुवात आम्ही त्यापासूनच करतो. औपचारिक इंग्रजी पत्र कसे लिहावे, हेही मुले त्यातूनच शिकतात. म्हणजे अर्जलेखनाची पालकांची मागणी पहिल्याच आठवड्यात पुरी होते!

मराठवाड्यात ही वाट रुंद केली ती औरंगाबादच्या नागसेनवनाने. पीपल्स एज्युकेशन सोसायटीने 1950 मध्ये सुरू केलेल्या मिलिंद महाविद्यालयाच्या परिसरात वावरलेले डॉ. म. ना. वानखेडे यांनी फ्लोरिडा विद्यापीठात वॉल्ट व्हिटमन या कवीवर संशोधन केले आणि परतल्यावर कृष्णवर्णीयांच्या साहित्याकडे मराठी लेखकांचे लक्ष वेधले. आपल्या लातूरचे डॉ. जनार्दन वाघमारे हे राजर्षी शाहू महाविद्यालयाचे प्राचार्य आणि पुढे नांदेडच्या स्वामी रामानंद तीर्थ मराठवाडा विद्यापीठाचे पहिले कुलगुरू. त्यांनी ‘अमेरिकन निग्रो : साहित्य आणि संस्कृती’ हा ग्रंथ मराठीत लिहिला. ऑकलंड शहरात 1966 मध्ये ‘ब्लॅक पँथर’ ही संघटना उभी राहिली आणि 1972 मध्ये मुंबईत ‘दलित पँथर’. नाव कोठून आले, हे मुलांना सांगावे लागत नाही.

आता प्रत्यक्ष तासाकडे वळू. फ्रेडरिक डग्लस यांचे 1845 मध्ये प्रसिद्ध झालेले आत्मचरित्र आम्ही सर्वांत सावकाश वाचतो. मेरीलँडमध्ये गुलाम म्हणून जन्मलेले हे पोर बाल्टिमोरच्या एका घरी कामाला धाडले जाते. मालकीण त्याला मुळाक्षरे शिकवू लागते. मालकाला ते कळते आणि तो तिला थांबवतो. वाचू लागलेला माणूस गुलाम म्हणून उपयोगाचा राहत नाही, असे त्याचे म्हणणे. पोर हे ऐकते आणि सुटकेची वाट कोणती, ते त्याला मालकाच्याच तोंडून समजते. मग ते घरातली भाकर खिशात घालून रस्त्यावर जाते. तेथली गरीब गोरी पोरे भुकेली असतात. ती भाकर घेतात आणि बदल्यात धडा देतात.

पुढे काय शिकवावे, हे येथे वर्गच ठरवतो. अक्षरबंदी म्हटली की मनुस्मृती आणि 25 डिसेंबर 1927 चा महाडचा दिवस मुलांना आपोआप आठवतो. परंतु एके वर्षी एका मुलीने विचारले, “सर, गोरे असून ते उपाशी कसे?” त्या दिवशी आमचे नियोजन बाजूला राहिले. गोरे म्हणजे मालक आणि काळे म्हणजे गुलाम, एवढ्या दोनच खणांत समाज बसत नाही, हे तिला अठराव्या वर्षाच्या आत एका पुस्तकातून कळले होते. आम्हांला ते कळायला एम. ए. करावे लागले.

इंग्रजीचे भय हा आमच्या मुलांचा खरा आजार आहे. उच्चार चुकेल, व्याकरण चुकेल, लोक हसतील! त्यावर मार्क ट्वेन यांच्या ‘हकलबेरी फिन’चा आणि झोरा नील हर्स्टन यांच्या ‘देअर आइज वेअर वॉचिंग गॉड’ या 1937 च्या कादंबरीचा चांगला उपयोग होतो. हर्स्टन यांची माणसे फ्लोरिडातील कृष्णवर्णीयांच्या बोलीत बोलतात. शब्दांची शेपटे गळालेली, क्रियापदे पुस्तकी नियमांना न जुमानणारी. मुले आधी गोंधळतात, ही छपाईची चूक आहे काय, असे विचारतात. मग लक्षात येते की इंग्रजीलाही गावंढळ म्हणून हिणवलेली बोली असते आणि त्या बोलीत थोर कादंबरी लिहिली जाते. तांड्यावरची मुले घरी गोरमाटी बोलतात, वर्गात प्रमाण मराठी, तासाला इंग्रजी. या तीन पायऱ्या त्यांनी लाजेने चढाव्यात, असे आम्हांला कधीच वाटले नाही.

ट्वेन शिकवताना एक अडचण येते. त्या कादंबरीत कृष्णवर्णीयांसाठीचा हिणकस शब्द दोनशेहून अधिक वेळा आला आहे आणि त्यापायी अमेरिकेतील काही शाळांनी ती वाचनातून काढली. आम्ही काढलेली नाही. मात्र तो शब्द वर्गात मोठ्याने उच्चारत नाही. दलित आत्मकथनांतल्या जातिवाचक शिव्या वाचतानाही आमचा हाच नियम आहे. शब्दांना इतिहास असतो. वाघमारे सरांच्या ग्रंथनामातील ‘निग्रो’ हा शब्द तेव्हा सभ्य होता. आज तेथे ‘ब्लॅक’ किंवा ‘आफ्रिकन अमेरिकन’ म्हणतात. अस्पृश्य, हरिजन, दलित, बौद्ध हा आपला क्रम याच्या शेजारी मांडला की कोणते नाव इतरांनी चिकटवले आणि कोणते आपण स्वीकारले, यावर वर्गात खडाजंगी होते.

साम्य दाखवून थांबणे सोपे आहे. तेथे थांबू नये, असा आमचा आग्रह असतो. म्हणून नेला लार्सन यांची ‘पासिंग’ ही 1929 ची कादंबरी आणि बाबूराव बागूल यांची ‘जेव्हा मी जात चोरली होती’ ही कथा आम्ही शेजारी ठेवतो. लार्सन यांची क्लेअर उजळ कातडीच्या बळावर गोरी म्हणून वावरते, काळ्यांचा द्वेष करणाऱ्या गोऱ्याशी संसार करते. बागुलांचा नायक परमुलखात रेल्वेच्या नोकरीवर जातो आणि जात सांगत नाही. कळल्यावर मार खातो. दोघेही स्वतःला लपवतात. पण क्लेअरला कातडी लपवता येत नाही, ती कातडी तिला साथ देते म्हणून निभावते. जात कातडीवर नसते. ती आडनावात, गावाच्या नावात, कोणत्या गल्लीत राहता या साध्या वाटणाऱ्या प्रश्नात असते. नोकरीसाठी लातूर-पुण्यात खोली शोधताना हाच प्रश्न त्यांना विचारला जाईल, हे आमच्या मुलांना ठाऊक आहे.

बाबासाहेबांनी स्वतः गुलामगिरी आणि अस्पृश्यता यांची तुलना करून ठेवली आहे आणि ती धक्कादायक आहे. गुलाम ही मालकाची मालमत्ता. तिची किंमत मोजलेली असल्याने मालक त्याला खाऊ घाली, जगवी. अस्पृश्य कोणाचीच मालमत्ता नव्हता, म्हणून त्याच्या जगण्या-मरण्याची जबाबदारीही कोणावर नव्हती. हे वाचल्यावर काही मुले डग्लसकडे परत जाऊन त्यांच्या वेदनेचे मोल कमी झाले की काय, असे विचारतात. झालेले नाही. बाबासाहेब दोन व्यवस्थांची रचना तपासत होते, दुःखांची स्पर्धा लावत नव्हते. हा भेद इंग्रजीत चार वाक्यांत लिहिता येणे, ही आमची सत्रअखेरची परीक्षा असते.

शेवटच्या तासाला आम्ही मार्टिन ल्यूथर किंग यांची एक आठवण सांगतो. ती त्यांनी 1965 च्या एका प्रवचनात सांगितली होती. 1959 च्या भारतभेटीत ते त्रिवेंद्रमला एका शाळेत गेले. तेथे अस्पृश्य मानलेल्या घरांतील मुले शिकत होती. मुख्याध्यापकांनी त्यांची ओळख अमेरिकेतून आलेला आपल्यासारखाच एक अस्पृश्य, अशी करून दिली. किंग क्षणभर दचकले, थोडे दुखावलेही. मग आपल्या देशातील आपल्या बांधवांची स्थिती त्यांना आठवली आणि ते विशेषण त्यांनी मनोमन मान्य केले. त्या शाळेतील एक विद्यार्थी होऊन त्या दिवसाचे एक पान इंग्रजीत लिहा, असा स्वाध्याय आम्ही देतो. बहुतेक मुले किंग यांच्या भाषणाविषयी लिहितात. गेल्या वर्षी एकाने पाहुण्यांच्या चेहऱ्याविषयी लिहिले. तो शेवटच्या बाकावर बसला होता, म्हणे; पाहुणे रागावले की काय, ते नीट दिसावे म्हणून उभा राहिला आणि पुढच्यांनी त्याला खाली बसवले.