कादंबरीचा संताप, चित्रपटाचा दिलासा

अभिजात कादंबरीवर चित्रपट निघाला की तो मूळ कृतीशी प्रामाणिक आहे काय, असा प्रश्न हटकून विचारला जातो. जॉन फोर्ड यांच्या ‘द ग्रेप्स ऑफ रॅथ’ (१९४०) या चित्रपटाच्या बाबतीत मात्र प्रामाणिकपणा कोठवर टिकला आणि कोठे सुटला, हे पाहणे अधिक उद्बोधक ठरेल.

जॉन स्टाइनबेक यांची कादंबरी १९३९ ची. धुळीची वादळे, कर्ज व ट्रॅक्टर यांनी ओक्लाहोमातून हुसकावलेले जोड कुटुंब मोडक्या मोटारीतून कॅलिफोर्नियाची वाट धरते. चित्रपटाचा पूर्वार्ध निःसंशय थोर आहे. मेणबत्तीच्या उजेडात म्यूली आपली जमीन कशी गेली ते सांगतो: नोटीस आणणारा कंपनीकडे बोट दाखवतो, कंपनीमागे बँक, बँकेमागे पूर्वेकडचे हुकूम, मग गोळी घालायची कोणाला? पुढे एक परतलेला मजूर हिशेब मांडतो. हवी असतात ८०० माणसे. छापली जातात ५,००० हस्तपत्रके. वाचतात २०,००० भुकेले. मजुरी कशी कोसळते, हे आम्ही वर्गात तासभर फळा रंगवूनही इतक्या स्पष्टपणे सांगू शकत नाही.

दोष आहे तो उत्तरार्धाच्या रचनेत. कादंबरीत सरकारी छावणी आधी येते. तेथे स्वच्छता आहे, माणुसकी आहे. पण काम नाही. म्हणून कुटुंबाला ती सोडावी लागते आणि संप, केसीची हत्या, महापूर व मृत बालकाचा जन्म अशी अधोगती पुढे होते. चित्रपटाने हा क्रम उलटा केला: संप व हत्या आधी, छावणी नंतर, आणि अखेरीस आईचे आशावादी भाषण. कादंबरीचा शेवटचा प्रसंग तत्कालीन हॉलीवूडला दाखविणे अशक्यच होते, हे मान्य. परंतु क्रमबदलाला ती सबब पुरत नाही. भाव टिकावा म्हणून संत्री नासविली जातात आणि शेजारी मुले उपाशी मरतात, हे विदारक प्रकरणही गळाले.

परिणामी छावणी हेच उत्तर असल्याचा भास होतो. वस्तुतः निवारा हे साहाय्य आहे. रोजगाराचा प्रश्न त्याने सुटत नाही. जेन डार्वेल यांनी साकारलेल्या आईची जिद्द वंदनीय खरी. पण गरिबांची सहनशीलता हे धोरण होऊ शकत नाही. म्हणून हा चित्रपट अवश्य पाहावा, आणि त्यानंतर कादंबरी जरूर वाचावी.